भूमिकांचे पाठभेद

तृतीय वर्ष कला शाखेच्या वर्गात संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील शाहिरी वाङ्मय शिकवण्याचा प्रसंग दरवर्षी येतो. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर ही नावे फळ्यावर लिहायची, चळवळीचा कालपट सांगायचा, १ मे १९६० पाशी येऊन थांबायचे, हा आमचा ठरलेला क्रम. यंदा मात्र पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका गावातून येणाऱ्या विद्यार्थिनीने मध्येच हात वर केला. "सर, प्रतापगडाला ज्यांना काळे झेंडे दाखवले, त्यांच्याच हातून राज्य आलं ना? मग खरं कोण ठरलं?" आम्ही काहीतरी उत्तर दिले. लोकमताचा रेटा, इतिहासाची गती, असे काही शब्द त्यात होते. तासाची घंटा झाली आणि आमची सुटका झाली.

सुटका झाली असे वाटले, एवढेच. आम्ही दोघे गेली अठरा वर्षे महाडातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोघांचे टेबल एक, कपाट एक, आणि चहाचा खर्चही बहुधा एकच. त्या दुपारी त्या टेबलाशी आम्ही बराच वेळ न बोलता बसलो, कारण त्या मुलीचा प्रश्न आम्हा दोघांच्या घरातला होता. तो गेली कित्येक वर्षे आम्ही एकमेकांना विचारायचा टाळत आलो होतो.

३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी फेटाळून द्वैभाषिक राज्य लादल्याला तेव्हा एक वर्ष उलटले होते. नेहरूंनी आपल्या जगाच्या इतिहासावरील ग्रंथात महाराजांविषयी पूर्वी जे लिहिले होते, त्याचाही रोष होता. तो मजकूर त्यांनी पुढील आवृत्तीत बदलला होता. पण रोष आवृत्ती पाहून शमत नसतो. संयुक्त महाराष्ट्र समितीने निदर्शनांची हाक दिली. देशावरचे लोक वाई-पसरणीच्या बाजूला आणि मुंबई-कोकणातले लोक पोलादपूरच्या बाजूला लोटले. एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली एवढा मोठा जमाव शिस्तीत राहिला, ही गोष्ट समितीच्या विरोधकांनाही मान्य करावी लागली.

आमच्यापैकी एकाचे आजोबा त्या दिवशी पोलादपुरात रस्त्याच्या कडेला काळे निशाण घेऊन उभे होते. महाडहून अठरा-वीस किलोमीटर ते आदल्या रात्री चालत गेले होते. सोबत भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. दुसऱ्याचे आजोबा तालुक्यातले काँग्रेसचे कार्यकर्ते. ते त्याच दिवशी आंबेनळी घाटाने वर, गडावर स्वागताच्या व्यवस्थेत होते. दोघेही एरवी महाडच्या बाजारपेठेत एकाच दुकानातून तंबाखू घेत. त्या दिवसानंतर एकाने दुकान बदलले.

पुढची हकिगत दोन्ही घरांत एकसारखीच सांगितली जाते. १ मे १९६० रोजी काँग्रेसवाल्या आजोबांनी बाजारपेठेत पेढे वाटले. समितीवाल्या आजोबांच्या हातावरही त्यांनी पेढा ठेवला. तो त्यांनी घेतला, पण तोंडात घातला नाही. धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणला आणि मुलांना वाटून दिला. "राज्य आपलं आहे, पेढा त्यांचा आहे," एवढेच ते म्हणाले म्हणे.

आता ज्या घरात पेढे वाटले गेले त्या घराची बाजू. जुलै २०२१ च्या महापुरात महाड बुडाले तेव्हा त्या आजोबांचे कागदपत्र असलेली ट्रंक पाण्यात होती. वाचलेल्यात एक वही निघाली. पाने चिकटलेली, शाई पसरलेली. ती आम्ही दोघांनी मिळून उन्हात वाळवली आणि जेवढी लागली तेवढी वाचली. जुन्या हस्तलिखितांचे पाठभेद नोंदवण्याची पद्धत आम्ही एम. ए. ला शिकलो होतो. ती अशा कामी येईल असे वाटले नव्हते. सप्टेंबर १९५३ मध्ये नागपूर करार झाला तेव्हाची नोंद हर्षाची आहे: सारे मराठी एक होणार. डिसेंबर १९५५ ची नोंद सांगते की देशाचे ऐक्य प्रांताहून मोठे, आणि नेहरूंचे हात बळकट केले पाहिजेत. नोव्हेंबर १९५६ मध्ये द्वैभाषिकाचे फायदे लिहून काढले आहेत, क्रमांक घालून. बहुधा भाषणाची टिपणे असावीत. मे १९६० ची नोंद पुन्हा हर्षाची. चारही नोंदी एकाच हाताच्या, सारख्याच वळणदार, सारख्याच ठाम. पण "मागे मी असे म्हटले होते, आता मला असे वाटते" या अर्थाचे वाक्य वहीत कोठेच नाही. आजी त्यांना म्हणत असे, "तुमच्या घरात सूर्य रोज नव्या अंगाने उगवतो." घरातली सारी हसत. नातू मात्र मोठा झाल्यावर हसू शकला नाही.

त्या आजोबांना निव्वळ दोष देऊन भागत नाही, कारण ते ज्यांच्या मागे चालत होते त्यांचाच मार्ग असा वळणांचा होता. यशवंतराव चव्हाणांची नागपूर करारावर सही होती. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या शरदात आला. त्यात मुंबई द्वैभाषिक आणि विदर्भ वेगळा होता. त्यानंतर मुंबई शहराचे वेगळे राज्य करण्याची टूम निघाली आणि २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत फलटणला यशवंतरावांनी सांगितले की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची झाली तर आपण नेहरूंची करू. १९५६ मध्ये भाऊसाहेब हिरे यांचा पराभव करून ते द्वैभाषिकाचे मुख्यमंत्री झाले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसची धूळधाण केली, खुद्द यशवंतराव कऱ्हाडात निसटते निवडून आले, त्याच वर्षाअखेर प्रतापगड झाले. द्वैभाषिक चालत नाही हे पुढे त्यांनीच दिल्लीला पटवले आणि १९६० मध्ये मंगल कलश त्यांच्याच हाती आला. फलटणचे भाषण आणि मंगल कलश ही एकाच माणसाची दोन चित्रे आहेत. त्यांतल्या एकालाच खरे म्हणायचे तर दुसऱ्याचे काय करायचे?

यशवंतरावांचे चाहते म्हणतात, बाहेर जाऊन ओरडण्यापेक्षा आत राहून काम साधणे अवघड असते. समितीवाले म्हणत, शंभराहून अधिक माणसे गोळ्यांना बळी पडली तेव्हा कोठे आतल्यांना जाग आली. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र त्या काळातला जो बदल आम्हांला सर्वाधिक खटकतो त्यात किंमत दुसऱ्याने मोजली आणि पद तिसऱ्याला मिळाले.

किंमत स्वतः मोजल्याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. चिंतामणराव देशमुखांचा जन्म रायगडाच्या पायथ्याकडचे आमच्या महाड तालुक्यातले नाते गाव येथला, १८९६ मधला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, कालिदासाच्या 'मेघदूता'चे मराठी अनुवादक, आणि १९५२ मध्ये तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेलेले देशाचे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ च्या आरंभीच राजीनामा देऊ केला आणि जुलैमध्ये तो देऊन मोकळे झाले. जाताना लोकसभेत उभे राहून आपली कारणे स्पष्ट सांगून गेले. ते रूढ अर्थाने चळवळे नव्हते, मोर्चातही नव्हते. पण अर्थखाते हातात असताना ते सोडण्याला जे वजन असते, ते खाते मिळण्याची आशा नसताना केलेल्या शंभर भाषणांना येत नाही. नात्याला जाणाऱ्या एसटीत बसलेल्या आमच्या विद्यार्थ्यांतल्या कितीजणांना हे ठाऊक आहे, असा प्रश्न आम्ही एकदा वर्गात विचारला. हात वर झाला नाही. चूक त्यांची नव्हे; आम्हीच सांगितले नव्हते.

इथवर हिशेब सोपा आहे: जो स्थिर राहिला तो खरा, जो फिरला तो खोटा. पण महाडमध्ये राहणाऱ्याला तो तसा सोपा ठेवता येत नाही, कारण गावाच्या मधोमध चवदार तळे आहे. २० मार्च १९२७ रोजी ज्यांनी या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही भाषावार राज्यांविषयीचे मत बदलले होते. १९४८ मध्ये दार आयोगापुढे त्यांनी मुंबईसह एका सलग महाराष्ट्राची बाजू मांडली. १९५५ च्या अखेरीस आलेल्या भाषिक राज्यांविषयीच्या पुस्तकात मात्र त्यांनी मराठी मुलखाची चार राज्ये सुचवली: मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व. एका राज्याची भाषा एक असावी, परंतु एका भाषेचे राज्य एकच असले पाहिजे असे नाही, हे त्यांचे सूत्र. मोठ्या राज्यात बहुसंख्य जातीपुढे गावोगाव विखुरलेल्या दलितांचा टिकाव कसा लागणार, मराठवाड्यासारखा मागे पडलेला भाग स्वतःच्या पायांवर कसा उभा राहणार, हे त्यामागचे प्रश्न. आणि पुस्तकाच्या प्रस्तावनेतच त्यांनी वाचकाला बजावले की आपल्या पूर्वीच्या विधानांशी विसंगती आढळेल. एकदा उच्चारलेल्या मताला निव्वळ सुसंगतीसाठी चिकटून राहण्यात त्यांना मोठेपणा दिसत नव्हता. जबाबदार माणसाने शिकलेले पुसून नव्याने शिकण्याची तयारी ठेवावी, असा त्यांचा आशय होता.

हा बदल कोणत्या घडीला झाला ते पाहावे. मंत्रिपद त्यांनी १९५१ मध्येच सोडले होते. १९५२ ची मुंबईतली आणि १९५४ ची भंडाऱ्यातली निवडणूक ते हरले होते. साऱ्या मराठी जनतेचे वारे संयुक्त महाराष्ट्राच्या दिशेने वाहत असताना त्यांनी त्याला आडवे जाणारे मत छापून प्रसिद्ध केले. यात मिळवण्यासारखे काय होते? पुढे त्यांचाच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हा पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाला, हा इतिहासाचा आणखी एक पीळ. तरी त्या पुस्तकातली शंका आज मराठवाडा-विदर्भाच्या अनुशेषाची चर्चा निघाली की पुन्हा पुढे येऊन उभी राहते.

म्हणजे मत बदलणे आणि शब्द फिरवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आपल्या भाषेत त्यांच्यासाठी दोन वेगळी क्रियापदे आहेत, हे मराठीच्या शिक्षकांनी विसरावे हे बरे नव्हे. मत बदलणारा आपला जुना पाठ आणि नवा पाठ शेजारी शेजारी ठेवतो. शब्द फिरवणारा जुना पाठ खोडून टाकतो आणि हाच मूळ पाठ म्हणून नवा पुढे करतो.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे नव्हे. युरोपच्या एकीकरणाविषयी इंग्लंडच्या पुढाऱ्यांनी पन्नास वर्षांत जी वळणे घेतली, ती पाहिली म्हणजे आमचा तालुका फारसा मागासलेला वाटत नाही. हॅरल्ड विल्सन यांनी पंतप्रधान असताना १९६७ मध्ये युरोपीय समुदायात प्रवेश मागितला, विरोधी पक्षात बसल्यावर १९७१ मध्ये प्रवेशाच्या अटींना विरोध केला, आणि पुन्हा पंतप्रधान झाल्यावर १९७५ च्या सार्वमतात राहण्याच्या बाजूने कौल मागितला. त्या सार्वमतात मार्गारेट थॅचर युरोपीय देशांचे झेंडे विणलेला स्वेटर घालून प्रचाराला उतरल्या होत्या; १९८८ मध्ये ब्रुजच्या भाषणाने युरोपविरोधकांचे निशाण त्यांच्याच हाती आले. थेरेसा मे यांनी २०१६ मध्ये राहण्याच्या बाजूने मत मागितले आणि महिनाभरात बाहेर पडण्याचा कारभार चालवायला पंतप्रधान झाल्या. पण आम्हा पाठभेदवाल्यांना मोह पडतो तो बोरिस जॉन्सन यांचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी एकाच विषयावर दोन लेख लिहिले होते, एक बाहेर पडावे म्हणून आणि एक राहावे म्हणून. एक छापला, दुसरा काही महिन्यांनी उजेडात आला. जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याचा कौल दिला, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले तेव्हा पंतप्रधान जॉन्सनच होते. दोन बाजू लिहून पाहणे हा दोष नव्हे. निबंध लिहिणारा प्रत्येक जण मनात ते करतो. प्रश्न हा की कोणता लेख छापायचा हे कशावरून ठरले. युक्तिवादावरून, की पदाच्या अंतरावरून?

आपल्याकडची यादी लांबवायची तर कागद पुरणार नाही. गोव्यात महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी उभ्या राहिलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ३४,०२१ मतांनी हार पत्करली आणि काही आठवड्यांत त्याच वेगळ्या गोव्याची सत्ता पुन्हा मिळवली. जांबुवंतराव धोटे १९७१ मध्ये वेगळ्या विदर्भाच्या घोषणेवर लोकसभेत गेले, १९८० मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर नागपुरातून निवडून आले आणि नंतर पुन्हा विदर्भाच्या नावाने त्यांनी पक्ष काढला. भारतीय जनता पक्षाने १९९७ मध्ये भुवनेश्वरला वेगळ्या विदर्भाचा ठराव केला. २००० मध्ये त्याच पक्षाच्या केंद्र सरकारने तीन नवी राज्ये निर्माण केली, त्यांत विदर्भ नव्हता. २०१४ मध्ये नागपूरचा मुख्यमंत्री झाला, तरीही नव्हता. विदर्भाचा उघड पुरस्कार करणारे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांना मार्च २०१६ मध्ये पद सोडावे लागले. ते लोकनायक बापूजी अण्यांचे नातू. सीमाप्रश्नावर तर डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावात आणि नागपुरात, अवघ्या पाच दिवसांच्या अंतराने, एकमेकांविरुद्ध ठराव झाले, आणि दोन्ही सरकारांत एकच पक्ष होता. घाट ओलांडला की भूमिका बदलते, ही सोय आमच्या आजोबांनाही नव्हती. ते निदान एकाच वहीत लिहीत होते.

आता उरते ती आमची वही.

पंधराएक वर्षांपूर्वी तालुक्यातल्या मराठी शाळा बंद पडू नयेत म्हणून एक पत्रक निघाले होते. त्यावर आम्हा दोघांच्या सह्या होत्या. खरे सांगायचे तर मसुदाही आमचाच. मातृभाषेतून शिक्षण हा मुलाचा हक्क आहे, शिकल्यासवरल्या पालकांनी पाठ फिरवली म्हणूनच या शाळा ओस पडत आहेत, असे त्यात खणखणीत लिहिले होते. काही वर्षांनी आमची मुले शाळेच्या वयाला आली. आज दोघांचीही मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांची पिवळी बस महाविद्यालयाच्या फाटकावरूनच जाते. कारणे आमच्यापाशी आहेत: पुढच्या शिक्षणाची चिंता आहे, घरच्यांचा आग्रह आहे, जवळच्या मराठी शाळेत चार वर्गांना मिळून दोन शिक्षक आहेत. यांतली काही कारणे प्रामाणिकही आहेत. पण ती आम्ही कोणाला सांगितली नाहीत. पत्रक कपाटात राहिले, आणि दरवर्षी मराठी भाषा गौरव दिनाला आम्ही पहिल्यासारखेच ठामपणे बोलत राहिलो. सूर्य आमच्याही घरात नव्या अंगाने उगवला होता. फक्त तसे म्हणणारी आजी उरली नव्हती.

त्या मुलीला हे ठाऊक नसेल असे मानण्याचे कारण नाही. त्या बसच्या वाहकाशी तिच्या गावाची ओळख असते. तिने विचारले नाही, हा तिचा विनय.

वहीतल्या ३० नोव्हेंबर १९५७ च्या पानावर एकच ओळ वाचता येते: "खाली पोलादपुरात आपलीच माणसे उभी होती." त्यापुढे पुराच्या पाण्याने शाई नेली आहे. तिथे आणखी काही लिहिले होते की आजोबा तिथेच थांबले होते, हे आता कळायला मार्ग नाही. पण गडावरच्या व्यवस्थेत असताना त्यांना खालची माणसे आपली वाटली होती, एवढे तरी त्या ओळीने राखले. त्यांचा नातू ती ओळ वाचल्यापासून त्यांच्याविषयी थोडे कमी कठोर बोलतो. दुसऱ्याच्या आजोबांचा पेढाही त्याला आता निराळा दिसतो.

पुढच्या तासाला आम्ही दोघे एकत्र वर्गावर गेलो. ते पत्रक वाचून दाखवले, मुले कोठे शिकतात ते सांगितले, कारणे सांगितली, आणि यांतले कोणते कारण आम्हांला स्वतःलाच पुरेसे वाटत नाही तेही सांगितले. वर्ग बराच वेळ शांत होता. कोणी हसले नाही, याचे बरेही वाटले आणि थोडी भीतीही वाटली.

मग तीच मुलगी उठली. "सर, परीक्षेत यशवंतरावांबद्दल काय लिहू?"

"दोन्ही लिही," आम्ही म्हणालो. "फलटणही लिही आणि मंगल कलशही. आणि मध्ये काय घडलं ते गाळू नकोस."

तिने ते वहीत उतरवून घेतले.